पाचवीचं पेन

सोनगीरला आमच्या गल्लीत कुणाकडेही बाळाची पाचवी असली की शेजारची अक्का कोरा कागद आणि पेन घेऊन दारात हजर. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून ते पूजेत ठेवायचं. अक्का आधी पेन तळहातावर ओढून बघायची. उमटलं तरच द्यायची. नवऱ्याने टाकलेली, म्हणून तिला पूजेला कुणी बसवत नसे. पेन मात्र तिचंच घेत. आम्ही माणसं अशी सोयीची.

"मन्हा पाचवीले माय पेन ठेवाले इसरनी," ती हसत सांगायची. "मन्हं नशीब लिखायनंच नही." लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा का सोडून गेला, याचं तिच्याकडे एवढंच उत्तर होतं. त्यावर ती कधी रडली नाही, कुणावर चिडलीही नाही.

तिची माय धुळ्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा मी सोबतीला बसायचे. एकदा अक्का औषधं आणायला गेलेली असताना म्हातारी म्हणाली, "पेन मी ठेयेल व्हतं. पोर रडी रडी मरी जाती, म्हणीसन खोटं बोलनू." चार दिवसांनी ती गेली. मी हे कुणाला सांगितलं नाही.

मग अक्का एकटीच. भाकरी चुलीपाशी उभ्याउभ्याच खायची. "बसीसन कोनासंगे बोलू?" म्हणायची.

अशात नरडाण्याच्या एका विधुर मास्तरांनी माझ्यामार्फत तिला लग्नाचं विचारलं. माणूस सालस होता. अक्काने नेहमीचंच ऐकवलं, "जे लिखेलच नही, ते व्हई कसं?" मला राहवलं नाही. तिच्या मायने सांगितलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं. वाटलं, आता तरी ही हो म्हणेल.

ती खाली बसली.

"मंग मन्हा मालक माले सोडीसन गयात, ते मन्हामुळेच का व?"

मला माझाच राग आला. मी घाईघाईने म्हटलं, "नाही गं अक्का. म्हातारपणी मायला काय आठवणार? पेन ठेवायचं राहिलंच असेल."

"मी तेच म्हणस," ती म्हणाली. चेहरा निवळला, आणि तिने माझ्यासाठी चहा ठेवला.

मास्तरांना नकार मीच फोन करून कळवला.