बहिणीच्या टोपलीतली सीताफळं

सीताफळ झाडावरून कधी उतरवायचं, हे ते बघूनच कळतं. फळ भरत आलं की त्याचे खवले एकमेकांपासून सरकतात आणि मधल्या खाचांत सायीसारखा पिवळसर रंग दिसायला लागतो. आमच्याकडे म्हणतात, डोळे उघडले. असं फळ देठासकट कापून गव्हात ठेवलं की आपलं आपण मऊ होतं. डोळे मिटलेलं तोडलं तर ते पिकतच नाही. काळं पडतं आणि दगड होऊन राहतं.

हल्ली दुपारी अंगणात खाटेवर पडलो की झाडाखालचा हिरवा उजेड पापण्यांवर हलत राहतो, आणि मी पुन्हा आईच्या कणगीपाशी जाऊन उभा राहतो. शेणानं लिंपलेली ती उंच कणगी माझ्या खांद्याला लागायची. झाकण सरकवलं की आधी गव्हाचा कोरडा, उबदार वास यायचा आणि त्याच्या मागून हळूच सीताफळांचा. कोपरापर्यंत हात घालून मी आतली फळं चाचपायचो. मऊ झालेलं एखादं बोटांना लागलं की झोपलेल्या कुणाच्या तरी गालाला हात लागल्यासारखं वाटायचं, आणि मी तो पटकन मागे घ्यायचो.

आमचं गाव राहुरीजवळचं. गावात आमचं लहानसं चर्च आहे. कापणीच्या सणाला प्रत्येक घरानं आपल्या रानातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढे नेऊन ठेवायचं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव व्हायचा, अशी रीत. आमच्या घरची सीताफळं असत. ती आईच उतरवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

एका वर्षी मावशीच्या बाळंतपणासाठी आई तिकडे गेली होती. जाताना तिनं ते काम माझ्या धाकट्या बहिणीवर सोपवलं. मी मोठा, पण मी घाई करतो हे आईला ठाऊक होतं.

"डोळे उघडलेलीच घे," ती म्हणाली. "थोडी निघाली तरी चालत्याल."

बहीण सकाळभर झाडाभोवती फिरत होती. फळ उजेडाकडे वळवून बघायची, काहीतरी पुटपुटायची, सोडून द्यायची. अखेरीस टोपलीच्या तळाला जेमतेम झाकतील एवढीच फळं तिनं घेतली. शेजारच्यांच्या ओसरीवर मात्र मोठाल्या पपयांची रास मांडलेली होती. मला आमच्या टोपलीची लाज वाटली. ती आंघोळीला गेली तेव्हा मी शेंड्याकडची मोठी, हिरवी फळं ओरबाडली, टोपलीत खाली भरली आणि तिची वर रचली. मग टोपली डोक्यावर घेऊन मीच पुढे निघून गेलो.

लिलावात ती टोपली पाळकबाईंनी घेतली. काही दिवसांनी त्या फडक्यात फळं बांधून आमच्या अंगणात आल्या. आई तोवर परतली होती. फडकं सोडलं, तर आत काळी टणक फळं.

"अहो, देवापुढं दगड ठेवले व्हय?" त्या हसून म्हणाल्या.

आई हसली नाही. "कुणी तोडली?"

"मी," बहीण म्हणाली. तिला तेच खरं वाटत होतं.

मी दारातच उभा होतो.

"पुन्हा झाडाला हात लावू नको," आई तिला म्हणाली. आई रागात बोलून विसरली असेल, पण घर विसरलं नाही. भाकरी कडक झाली की दगडी हात. दही लागलं नाही की दगडी हात. ही थट्टा सगळ्यांत जास्त मीच केली. तिच्या लग्नात, सासरच्या मंडळींपुढेसुद्धा.

बहीण काष्टीला नांदायला गेली. तिच्या घरापुढे एवढं मोठं अंगण आहे आणि त्यात एक झाड नाही. का लावत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. "माझ्या हातचं काय जगतंय, दादा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

आईचं झाड आता नाही. त्याच्याच बीपासून मी नळाजवळ दुसरं वाढवलंय. यंदा सणाच्या आधी बहीण राहायला आली, तेव्हा माझी नातवंडं ओरडली, "आत्याआजी, झाडापासून लांब हं!" ती हसली. हसता हसता तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

ते मला बघवलं नाही. पोरांसमोरच म्हणालो, "पाळकबाईंनी आणलेली ती फळं मी तोडली होती. तुझी वरची. खालची हिरवी माझी."

तिनं पदराखालचे हात बाहेर काढले.

"आन् हे आत्ता सांगतूस व्हय?"

"धीर झाला न्हाई."

"धीर झाला न्हाई! माझ्या लग्नात सगळ्यांम्होरं दगडी हात म्हनायला बरा धीर हुता तुला."

पोरं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली.

"कात्री कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी आणून दिली. ती एकेक फळ उजेडाकडे वळवत झाडाभोवती फिरली, अगदी तेव्हासारखीच. मी एका फळाकडे बोट केलं, तर म्हणाली, "मिटलंय अजून. तू गप बस." थोडीशीच घेतली. आता कणगी नाही, गहू निळ्या प्लास्टिकच्या पिंपात असतो. त्यात तिनं ती स्वतः पुरली.

पुढचे काही दिवस दुपारी मी खाटेवर डोळे मिटून पडून राहायचो. मध्येच पिंपाचं झाकण वाजायचं, गहू सळसळायचा. ती आत हात घालून बघत असायची. एखादं जरी दगड निघालं तर, या विचारानं मला धड झोपही लागायची नाही.

मग एका सकाळी ती पायरीवर येऊन बसली. ओंजळीत एक फळ होतं. अंगठ्यानं हलकेच दाबलं तर ते उमललं, आत पांढरं, ओलं. पोरांना थोडाथोडा गर देऊन उरलेलं तिनं सावकाश खाल्लं. मी हात पुढे केला.

"तुला न्हाई."

बिया तिनं नळाखाली धुतल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. "काष्टीला नेते," म्हणाली.

सणाच्या रविवारी मी सवयीनं टोपली उचलायला वाकलो.

"ठिव ती खाली. मी नेनार. तू नुसता मागनं ये."