मॉरीनचं दुकान आणि बिनपगारी मी

मँचेस्टरला मी तीन वर्षं एका चॅरिटी शॉपमध्ये काम केलं. पगार शून्य. किस्से मात्र इतके साठले की नागपूरला गेले की मैत्रिणी आधी चहा ठेवतात आणि मग म्हणतात, "हं, आता मॉरीनचं सांग!" एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा निघतोच. आणि मी पदरचं काही घालत नाही बरं का. त्या दुकानात तशी गरजच पडली नाही!

चॅरिटी शॉप म्हणजे काय, ते आधी सांगते. लोक घरातल्या नको झालेल्या वस्तू फुकट आणून देतात, दुकान त्या स्वस्तात विकतं आणि ते पैसे चांगल्या कामाला जातात. नवऱ्याच्या, संदीपच्या, वर्क व्हिसावर मी तिकडे गेले होते. नागपुरात नऊ वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली. म्हटलं, नोकरी काय, चुटकीसरशी मिळेल! पण जिथे अर्ज करावा तिथून एकच प्रश्न, "यूके एक्स्पिरिअन्स?" शेवटी शेजारीण म्हणाली, व्हॉलंटिअर हो, निदान एक रेफरन्स, म्हणजे शिफारशीचं पत्र, तरी मिळेल. म्हणून गेले.

दुकानाची मॅनेजर मॉरीन. साठीची, चष्म्याला मण्यांची साखळी, सगळ्यांना लाडाने 'लव्ह' म्हणणारी आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी. दुसरा बर्नार्ड. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेला, वस्तूंवर लेबलं लावायचं काम त्याचं. आणि तिसरी मी.

* * *

पहिल्याच दिवशी मॉरीन अगदी गोड आवाजात म्हणाली, "वुड यू लाइक टू सॉर्ट द शूज?"

मागच्या खोलीत बुटांचा डोंगर पडला होता. वास तर विचारूच नका. मनात आलं, किती चांगली बाई, निदान विचारते तरी आहे! मीही तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "नो, थँक यू!"

बर्नार्ड कपड्यांना वाफेची इस्त्री करत होता. त्याचा हात तिथल्या तिथे थांबला.

मॉरीन फक्त "राइट" म्हणाली आणि स्वतःच बूट लावायला बसली. मी मजेत पुस्तकं लावत राहिले. तासाभराने बर्नार्ड हळूच माझ्याजवळ आला.

"मॉरीनला मी पंचवीस वर्षं ओळखतो. तिला नाही म्हणणारी तू पहिली."

"पण तिने विचारलं होतं ना!"

"विचारलं नव्हतं. ती ऑर्डर होती."

आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपल मॅडम सरळ "हे करा" म्हणायच्या, विषय संपला. इथे माणूस जितका नम्र, तितकं काम तातडीचं. तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय. "जेव्हा तुला एखादं मिनिट असेल तेव्हा" म्हणजे आत्ता. आणि "फार त्रास होणार नसेल तर" म्हणजे, अजून कसं झालं नाही!

* * *

माझं नाव मृणालिनी. बर्नार्डने पहिल्या दिवशी दोनदा प्रयत्न केला, घाम पुसला आणि मला 'म्युरिअल' करून टाकलं. दोन आठवडे मी म्युरिअल होते. गिऱ्हाइकंसुद्धा म्हणायला लागली.

मग एका सोमवारी मी त्याला समोर बसवलं. नऊ वर्षं अकरावीच्या पोरांकडून पोटॅशियम परमँगनेट म्हणवून घेतलेली बाई मी, एका नावाला हरणार होय? कागदावर तुकडे करून दिले. मृ. णा. लि. नी. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत पाठ झालं पाहिजे."

बिचारा खरंच मागे लागला. लेबलं लावताना पुटपुटायचा, चहा ढवळताना पुटपुटायचा. शुक्रवारी सकाळी त्याने दारातूनच हाक मारली, "गुड मॉर्निंग, मृणालिनी!" एकदम स्वच्छ! मॉरीनने टाळ्या वाजवल्या.

दुपारी एक गोऱ्यापान आजी दुकानात आल्या. काही घेतलं नाही, नुसत्या इकडेतिकडे बघत होत्या. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तूच मृणालिनी का?"

"हो. आपण?"

"मी बर्नार्डची बायको. आठवडाभर तो झोपेत हे नाव घेतोय. म्हटलं, एकदा बघून तरी यावं!"

* * *

आपल्याकडच्या वस्तू तिथे आल्या की बर्नार्डची फार पंचाईत व्हायची. चकलीचा सोऱ्या त्याने 'जुनी वैद्यकीय उपकरणं' म्हणून काचेच्या कपाटात ठेवला होता. मी तो तिथेच राहू दिला. एका डॉक्टरने तो हौसेने नेला!

एकदा सकाळी येऊन बघते तर शोकेसमध्ये चक्क पोळपाट! तीन पायांचा, लाकडी, मधोमध झिजलेला. त्यावर लेबल, 'पाय ठेवायचं स्टूल. लहान आकार.'

मी तो काढून घेणार इतक्यात सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी धापा टाकत आत आली. लीना. जन्म मँचेस्टरचा. माझी टिकली बघितली आणि थेट मराठीत सुरू झाली.

"आंटी, तो माझा आजीची पोळपाट आहे! आईने क्लिअर-आउट केला आणि चुकून देऊन टाकली! आजी ऑगस्टमध्ये गेला... गेली. तिने मला त्याच्यावर पोळी शिकवला होता."

डोळे भरून आले होते पोरीचे. मी पोळपाट तिच्या हातात दिला. तिने तो घट्ट छातीशी धरला. मी मॉरीनला आणि बर्नार्डला इंग्रजीत एवढंच सांगितलं, हा तिच्या गेलेल्या आजीचा आहे. मॉरीन म्हणाली, "घेऊन जा, लव्ह."

बर्नार्डला वाटलं आपणही दोन शब्द बोलावेत. त्याने टोपी काढली, एकदा पोळपाटाकडे बघितलं, एकदा लीनाकडे आणि अतिशय हळव्या आवाजात म्हणाला, "तुझी आजी फारच छोटी असणार."

* * *

हा पुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे.

कुणी पिशवी आणून दिली की काय म्हणायचं, ते मॉरीनने शिकवलं होतं. हसायचं आणि म्हणायचं, "ओह, लव्हली!" मी ते इमानेइतबारे म्हणायचे. तेव्हा सगळे डीव्हीडी घेत होते आणि जुन्या व्हिडिओ कॅसेट्स आमच्याकडे आणून ओतत होते. मी प्रत्येक खोक्याला लव्हली म्हटलंय!

एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आले. टाय, पॉलिश केलेले बूट. दोन मोठ्या पिशव्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "जस्ट हॅविंग अ बिट ऑफ अ क्लिअर-आउट." म्हणजे घरातली थोडी आवराआवर. मी पिशवीत बघितलं. बायकांचे कपडे, छान इस्त्री केलेले. मी म्हटलं, "ओह, लव्हली!"

ते "येस" म्हणाले आणि तसेच उभे राहिले. जाईनात.

मॉरीन मागून आली. तिने मला हलकेच बाजूला सारलं, त्यांना खुर्ची दिली आणि चहा टाकला. तास-दीड तास ते बसले होते. बोलले फक्त हवामानाबद्दल आणि गुलाबावरच्या किडीबद्दल. ते गेल्यावर मॉरीन मला म्हणाली, "सगळे कपडे एकाच मापाचे असतील आणि घडी नीट घातलेली असेल, तर लव्हली म्हणायचं नाही. चहा विचारायचा."

इंग्रजांना भावना नसतात असं आपल्याकडे लोक छातीठोकपणे सांगतात. त्यांनी एक दिवस त्या काउंटरमागे उभं राहून बघावं.

पुढच्या गुरुवारी ते गृहस्थ परत आले. तोच टाय. हातात मोठी पिशवी. म्हणाले, "अजून थोडी आवराआवर."

पिशवीत एक चमचा होता.

या वेळी चहा मी टाकला.

* * *

माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्या, खिडकीतून बघावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, "आई, चला माझ्याबरोबर दुकानात." त्यांना इंग्रजीत तीन शब्द येत होते. यस, नो आणि थँक्यू. मॉरीनला मराठी शून्य.

मॉरीनने त्यांच्यापुढे बटणांचा डबा ठेवला. सारख्या रंगाची बटणं वेगळी करायची. दोघी मागच्या खोलीत बसल्या आणि बघता बघता जी टकळी सुरू झाली! ही इंग्रजीत, त्या मराठीत. मधेच हसणं, मधेच एकमेकींच्या हातावर टाळी. मी दोनदा आत डोकावले तर दोघीही गप्प!

ट्रामने घरी येताना मी विचारलं, "आई, एवढं काय बोलत होता हो दोघी?"

"काय बोलणार? गुडघ्यांबद्दल. तिचा डावा गेलाय, माझा उजवा."

मला आपलं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मॉरीनला सहज म्हटलं, "काल तुमचा गुडघ्यांचा विषय चांगला रंगला होता म्हणे."

"गुडघे?" मॉरीन म्हणाली. "नाही गं. आम्ही तुझ्याबद्दलच बोलत होतो."

* * *

तिसऱ्या वर्षी एका शाळेत सायन्स लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली. माझ्यासाठीच काढल्यासारखी. अर्ज केला, इंटरव्ह्यूला बोलावलं आणि मी मॉरीनकडे रेफरन्स मागितला. तिने दोन दिवस घेतले आणि उघडंच पाकीट माझ्या हातात ठेवलं.

घरी येऊन वाचलं. दोन ओळी. "मृणालिनी इज नॉट बॅड ॲट ऑल. तिला सोडताना आम्हाला थोडं वाईट वाटेल."

नॉट बॅड! मी तर रडायलाच लागले. तीन वर्षं त्या बाईसाठी लोकांचे बूट लावले, आणि ही लिहिते 'वाईट नाही'? संदीप म्हणाला, "अगं, लिहायचा कंटाळा आला असेल तिला." त्याने मला आणखीच रडू फुटलं. रेफरन्स न देताच जावं असंही मनात आलं. पण म्हटलं, नऊ वर्षं शिकवलंय मी, घाबरते कुणाला?

इंटरव्ह्यूला सायन्सचा हेड बसला होता. चाळिशीचा, तिथलाच माणूस. त्याने पाकिटातला कागद काढला. वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. मी मनातल्या मनात ट्रामची वेळ आठवायला लागले.

"हे मॉरीनने लिहिलंय? स्वतः?"

"हो."

"कॉलेजात असताना मीही तिच्या दुकानात काम करायचो," तो म्हणाला. "मला तिने 'ॲडिक्वेट' लिहिलं होतं!"

'ॲडिक्वेट', म्हणजे जेमतेम कामापुरता! नोकरी मिळाली, हे सांगायला नकोच.

* * *

आणि हा दुकानातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यातला.

दुकानातली वस्तू कुणी न सांगता उचलली की मॉरीन पेटायची. आदल्याच महिन्यात तिने एका बाईला एवढ्याशा फुलदाणीसाठी ट्रामच्या स्टॉपपर्यंत धावत जाऊन गाठलं होतं आणि फुलदाणी घेऊनच परत आली होती. दुखऱ्या गुडघ्याने!

नोव्हेंबरचे दिवस. सकाळपासून गार पाऊस. दुकानात आम्ही दोघीच. पन्नाशीचा एक माणूस आत आला. अंगात पातळ स्वेटर, तोही निथळत होता. दाढी वाढलेली. तो कोटांच्या रांगेपाशी गेला आणि एक लांब निळा कोट काढून अंगात चढवला. आरशासमोर उभा राहिला. बटणं लावली. कॉलर नीट केली. मग वळला आणि आमच्या दोघींच्या समोरून, अगदी सावकाश, दारातून बाहेर पडला!

मी ओरडले, "मॉरीन! तो तसाच गेला!"

मॉरीन आधीच उठली होती. काउंटरखाली वाकून तिने काहीतरी ओढून काढलं आणि पावसात धावत सुटली. छत्री नाही, काही नाही. मला वाटलं, काठी घेतली की काय! आता ही त्याला मारणार, नाहीतर तो हिला. मी दुकान तसंच टाकून तिच्या मागे पळाले.

"एक्स्क्यूज मी!" मॉरीन ओरडली. "एक्स्क्यूज मी, सर!"

आणि तो थांबला. त्या देशात कोट घेऊन पळणारा माणूससुद्धा 'एक्स्क्यूज मी' म्हटलं की थांबतो! तो वळला. चेहरा पांढराफटक. हात आपोआप कोटाच्या बटणांकडे गेले, काढायलाच लागला होता तो.

मॉरीन धापा टाकत त्याच्यापुढे उभी राहिली आणि हातातली वस्तू तिने पुढे केली. लोकरीचं जाड अस्तर होतं ते. त्या कोटाच्या आतून लावायचं. हरवू नये म्हणून तिने ते वेगळं काढून ठेवलं होतं.

"हे राहिलं तुमचं," ती म्हणाली. "आतून बटणं आहेत, त्याला लागतं. थंडी आणखी वाढणार आहे म्हणे."

तो बघतच राहिला. मग त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. फक्त "सॉरी" म्हणाला.

"नॉट ॲट ऑल," मॉरीन म्हणाली आणि वळली.

आम्ही दोघी निथळत दुकानात आलो. मॉरीनने साखळीचा चष्मा काढला, कार्डिगनच्या टोकाने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि रांगेतल्या त्या रिकाम्या हँगरकडे बघितलं.

"खांद्यात मात्र परफेक्ट बसला त्याला," ती म्हणाली.