जनवाड्याची शाल

आमच्या बिदरच्या दवाखान्यात सत्काराच्या शाली फिरत राहतात. एकाच्या खांद्यावरून कपाटात, कपाटातून दुसऱ्याच्या खांद्यावर. परिचारिकांचा प्रमुख म्हणून त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. यात वावगं काही आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुरुष वॉर्डातल्या सिस्टरना हैदराबादच्या एका दवाखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. त्या गेल्या तर वॉर्ड कोलमडणार, हे मला ठाऊक होतं. परिचारिका दिनाला त्यांचा सत्कार केला तर मन वळेल, असं वाटलं. कपाटातली निळ्या काठाची शाल काढली. डॉक्टरांनी ती त्यांच्या खांद्यावर घातली, मी माइकवर 'सेवेची मूर्ती' वगैरे बोललो. टाळ्या झाल्या.

दुपारी त्या शाल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, ही जनवाड्याच्या अप्पांची न्हाई व्हय?"

मी काठ पाहिला. जनवाडा गावचे, लकवा होऊन वॉर्डात राहिलेले ते अप्पा घरी निघाले, तेव्हा त्यांच्या सुनेने ही शाल आणली होती. 'अक्कासाठी' म्हणाली होती, म्हणजे या सिस्टरांसाठी. पण आमच्याकडे पहिला मान डॉक्टरांचा, म्हणून मीच तिला ती डॉक्टरांच्या खांद्यावर घालायला लावली. त्यांनी ती नेहमीसारखी कपाटात पाठवली.

"तुमचीच होती," मी म्हणालो. "आज पोचली."

"कुठं पोचली, सर? सासू विचारायलीय, कामून दिली शाल? काय सांगू, मूर्ती हाय म्हनून?"

दारातल्या दोघी सिस्टर हसल्या.

आभार मानताना काम नेमकं सांगावं, नुसत्या गौरवाने माणूस टिकत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी मान डोलावली होती. आता त्यांचं एकही नेमकं काम मला आठवेना.

"अप्पांसाठी काय केलं होतं तुम्ही?" शेवटी विचारलं.

"त्यांना गिळता येत नव्हतं. घशाला हात लावून चमच्यानं पेज भरवायची. घोट उतरल्याचं हाताला कळलं की मग दुसरा चमचा. सुनेला शिकवलं, तवा घरी गेले." शालीची घडी घालत म्हणाल्या, "तुमी राउंडला यायचाव की. सलाइन बघून जायचाव."

"थांबा ना, सिस्टर. जाऊ नका."

"हैदराबादला हो म्हटलंय, सर." त्यांनी शालीची घडी काखेत घेतली. "ही त्या सुनेनं दिलेली हाय, म्हनून नेते."

उद्या त्यांचा निरोप आहे. बोलायचं मलाच आहे. चमच्याचं सांगेन. पण ते मी पाहिलेलं नाही, त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. आणि समोर बसलेल्या त्यांना ते माहीत असेल.