आईचा संडास आणि टेपवाले साहेब

आमच्या शिक्षक कॉलनीतले जुने चार लोक आजही कुठं लग्नात भेटले, की पहिली पाच मिनिटं बीपी-शुगरची चौकशी होते आणि सहाव्या मिनिटाला कोणी तरी म्हणतोच, "तुमाले ते नोटीस आठवते काय जी?" झालं! मग ताटातलं वरण थंड होते. एकाचा किस्सा संपला नाही तर दुसऱ्याचा सुरू. नोटिसांचे जेवढे किस्से आमच्याजवळ साठले आहेत तेवढे नगरपालिकेच्या रेकॉर्डात पण नसतील. तिथलं अर्धं उंदरांनी खाल्लं.

ऐकणारे पोट धरून हसतात. मी पण हसते. पण खरं सांगू? मला अजून राग येतो. एवढी वर्षं झाली, तरी कोणाच्या हातात मोजायचा टेप दिसला की माझं टाळकं सरकते.

गावाचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. पुन्हा नोटीस यायची!

*

आधी माझ्या आईचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आम्ही बावीस शिक्षकांनी मिळून गावाबाहेर धानाच्या बांध्या घेतल्या, प्लॉट पाडले, घरं बांधली. आम्ही बौद्ध, भोयर सर कुणबी, बपेऱ्याचे पटले गुरुजी पोवार. शेजारचे निमजे काका कोष्टी, ते तर कॉलनीच्या आधीपासून तिथं राहायचे. एरवी एकमेकांच्या घरी पाणी पिताना मनात हिशेब करणारी माणसं, पण नोटीस मात्र सगळ्यांना एकसारखीच यायची.

तेव्हा कॉलनीत कोणाकडेच संडास नव्हता. सगळे बोडीवर जायचे. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. पुढं बोडीच्या चहूबाजूंनी प्लॉट पडले, आडोसा गेला, आणि बायांनी उजाडायच्या आत उरकून घ्यायचं असा नियमच झाला. अशाच एका पावसाळी पहाटे आई बोडीच्या पाळीवरून घसरली. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, "काठी घेऊन चालतील. पण दहा-बारा पावलं. त्याच्यावर नाही." म्हणजे बोडी बंद. मग तिनं जायचं कुठं?

आणि त्याच महिन्यात नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची नोटीस आली: तीस दिवसांत घरी संडास बांधा, नाहीतर कारवाई! मी आईला वाचून दाखवली. तिचा चेहराच फुलला.

"माय वो! पहिल्यांदाच सरकारनं माह्या मनातलं लिहून पाठवलं!"

वीस दिवसांत संडास उभा केला. तिच्या खाटेपासून मोजून दहा पावलं. धरायला भिंतीत लोखंडी दांडा बसवला. आई कारध्याची, वैनगंगेच्या काठावर वाढलेली, कोणापुढं हात न पसरणारी बाई. त्या दांड्याला धरून ती पहिल्यांदा एकटी गेली आणि एकटी आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एकविसाव्या दिवशी बांधकाम खात्याचे ओव्हरसियर टेप घेऊन फाटकात हजर! आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, पण या माणसाला कोणी कळवलं नव्हतं. मोजलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "बाजूनं पाच फूट जागा मोकळी सोडाव लागते. तुमची दोनच फूट उरली. हा संडास अनधिकृत आहे. पाडाव लागन."

मी आरोग्य खात्याची नोटीस त्यांच्या नाकासमोर धरली. "हे पाहा. तुमच्याच नगरपालिकेनं बांधायला लावला!"

"ते आरोग्य खातं आहे, मॅडम. मी बांधकाम."

"पण नगरपालिका एकच ना?"

"एकच आहे. पण मी बांधकाम."

त्या दिवसापासून कॉलनीत त्यांचं नाव पडलं, टेपवाले साहेब.

*

एकदा रस्ता माहीत झाल्यावर ते काय थांबतात! पुढच्या आठवड्यात भोयर सरांकडे.

आता खरं म्हणजे आमच्या कॉलनीचा नक्शा एकच होता. नक्शा काढणाऱ्यानं एक घर काढलं आणि बावीस कागदांवर उतरवलं. नाव तेवढं बदललं. नगरपालिकेनं पण बावीस वेळा तेच घर पास केलं आणि बावीस शिक्के मारले. तेव्हा कोणाला काही दिसलं नाही.

पण रस्ता मधून गेलेला. अकरा घरं या बाजूला, अकरा त्या बाजूला. भोयर सर त्या बाजूचे.

"नक्शात दार पूर्वेले आहे," टेपवाले साहेब म्हणाले. "तुमचं पश्चिमेले."

"साहेब, रस्ता पश्चिमेले आहे. पूर्वेले नाली आहे. दार का नालीत उघडू?"

"ते मले माहीत नाही. नक्शाप्रमाणे पाहिजे."

"म्हणजे घर पाडू काय?"

आता इथं साहेबांनी खरोखर विचार केला. घराकडे पाहिलं, नक्शाकडे पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा घराकडे पाहिलं.

"पाडालेच पाह्यजे असं नाही. फिरवता येते काय, ते पाहा."

भोयर सर गणिताचे शिक्षक. सारा जन्म भूमिती शिकवली होती. त्या संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहून आपल्याच घराकडे कितीतरी वेळ पाहत होते, आणि त्यांच्या बायकोनं दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

*

मग निमजे काका.

काका विणकर. घरात खड्डामाग. म्हणजे माग जमिनीला लागून आणि विणणाऱ्याचे पाय खालच्या खड्ड्यात. काकांच्या आज्यानं खणलेला खड्डा, तीन पिढ्या त्याच्यात पाय सोडून बसल्या. टेपवाले साहेब पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि खड्डा दिसला! लांबी, रुंदी, खोली, सगळं मोजलं.

"तळघराची परवानगी कुठी आहे?"

"कायचं तळघर जी?" काका हसायलाच लागले. "याच्यात निस्ते माह्ये पाय राहतात. तळघरात सारा माणूस राहते!"

"बरं. मंग अर्धवट तळघर लिहितो."

आणि लिहिलं! आठ दिवसांत नोटीस. तळघराचे सुरू असलेले बांधकाम ताबडतोब थांबवावे. काका चौथी शिकलेले, पण उत्तर त्यांनी कोणाला विचारलं नाही. स्वतःच्या हातानं एका ओळीत लिहून दिलं: 'बांधकाम माझ्या आज्याने आधीच थांबवले आहे.'

*

मधल्या काळात आमच्या संडासाला पाडायची पहिली नोटीस आली. मग दुसरी. मग तिसरी. आई रोज सकाळी काठी टेकत जायची, यायची आणि विचारायची, "अजून आहे ना वो आपल्या जवळ?"

मी म्हणायची, "आहे, आई." आणि शाळेत जाऊन पोट्ट्यांवर उगाच ओरडायची.

*

पटले गुरुजींच्या पोरीचं लग्न निघालं. गुरुजी हुशार. त्यांनी पहिली पत्रिका टेपवाल्या साहेबांना दिली. खाल्ल्या अन्नाची लाज वाटेल असा त्यांचा हिशेब.

घरासमोर जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव पडला. तीन डेरी, म्हणजे मांडवाचे खांब, रस्त्यात आल्या, येणारच! बालाघाटकडून पाव्हणे आले. साहेब पण आले, पंगतीत बसले. बुंदी तीनदा घेतली. वरून "कढी मस्त झाली" म्हणाले. उठले, हात धुतले आणि त्याच ओल्या हातानं खिशातून नोटीस काढली. रस्त्यावर विनापरवाना शेड, चोवीस तासांत काढा!

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, मांडव तं आमी उद्या सोडूनच राहिलो. पण एक सांगा जी. नोटीस खिशात ठेवूनच जेवाले बसले होते काय तुमी?"

"हो ना," साहेब म्हणाले. "आधी दिली असती तं जेवताच आलं नसतं."

*

आता माझी पाळी.

नगरपालिकेनं कॉलनीत सार्वजनिक नळ दिला. नळाचा सिमेंटचा ओटा बांधला तो माझ्या कंपाउंडच्या कोपऱ्यात. मी शाळेतला टेप आणला. अडीच फूट आत! माझ्या प्लॉटमध्ये! पुढच्या वेळी साहेब आले तेव्हा त्यांना हाताला धरून, खरंच हाताला धरून, तिथं नेलं.

"मोजा! आता मोजा ना! हे अतिक्रमण नाही काय?"

त्यांनी मोजलं नाही. शांतपणे टेप गुंडाळला. "मॅडम, तुमचं असलं की अतिक्रमण. आमचं असलं की सोय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्या दिवशी मी काय काय बोलले ते लिहीत नाही. निमजे काकू म्हणाल्या, "बाई, तुमी तं शिकवता ना पोराईले?"

*

आई म्हणाली, "मले घेऊन चाल ऑफिसात. मी विचारतो त्याईले."

सायकलरिक्षात बसवून नेलं. मोठी खोली, एकच पंखा. पंख्याच्या अलीकडे टेपवाल्या साहेबांचं टेबल, पलीकडे आरोग्य निरीक्षकांचं. समोरासमोर. एकानं शिंकलं तर दुसऱ्याचे कागद उडावे एवढं अंतर.

आई आधी निरीक्षकांकडे वळली. "संडास पाह्यजे काय जी घरी?"

"पाह्यजेच. नसला तं कारवाई."

मग दुसरीकडे. "आणि तुमचं काय म्हणणं आहे जी?"

"पाडालेच पाह्यजे. नाही तं कारवाई."

"मंग तुमी दोघं आपसात बोला ना!"

निरीक्षक म्हणाले, "त्यांनी लेखी कळवाव लागते, आजी."

"अवो, तो तं तुमच्या पुढ्यातच बसून आहे!"

"तरी पण. आवक-जावकमधून याव लागते."

माझा तोल सुटला. मी तिन्ही नोटिसा टेबलावर आपटल्या आणि वर्गात ओरडते तशी ओरडले. "माझी आई दहा पावलांच्या पुढं चालू शकत नाही! तुम्ही पाडल्यावर ती कुठं जाईल, हे लेखी द्या मला! द्या!" सगळं ऑफिस उभं राहिलं. साहेब म्हणाले, "आवाज खाली करा. सरकारी कामात अडथळा येऊन राहिला."

आईनं माझा हात दाबला. मग शिपायाला हळूच विचारलं, "बापू, मले जरा जायाचं होतं. इथला संडास कुठी आहे?"

शिपाई ओशाळला. "इथी नाही ना, आजी. मांगच्या भिंतीकडे जा लागते. सारे साहेब तिकडेच जातात."

*

शेवटी तारीखच आली. मंगळवार, सकाळी अकरा, पाडकाम. मी रजा टाकली. रात्रभर डोक्यात एकच, उद्यापासून आईला बसवायचं कुठं?

अकराला ट्रॅक्टर आला. चार मजूर, सब्बल, घण. टेपवाले साहेब आणि कार्बन घेऊन एक कारकून. भोयर सर, पटले गुरुजी, निमजे काका-काकू, सारी कॉलनी माझ्या अंगणात. मी फाटकातच आडवी उभी राहणार होते. तेवढ्यात आई काठी टेकत आली. म्हणाली, "जाऊन येतो वो जरा." आणि आत जाऊन कडी लावली.

साहेब म्हणाले, "आत कोण आहे?"

"आई."

"बाहेर बोलवा."

"तुम्हीच बोलवा," मी म्हणाले.

साहेब दाराजवळ गेले. खाकरले. "आजी, बाहेर या."

"थांबा ना जी. बसली आहो."

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. "झालं काय, आजी?"

"नाही ना जी. या वयात का लवकर होते?"

बारा वाजले. मजुरांनी सब्बल भिंतीला टेकवले आणि निंबाच्या सावलीत बिड्या पेटवल्या. साहेबांनी रुमालानं मान पुसली. एक वाजला. बाया-माणसांची गर्दी वाढली, पण कोणी हसत नव्हतं.

मग आतूनच आवाज आला. "साहेब, तुमची माय आहे काय जी?"

"आहे."

"कुठी राहते?"

"सानगडीले."

"तिचा पाय मोडला तं ते कुठी जाईल?"

चारही मजूर साहेबांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी हातातला टेप उगाच थोडा ओढला आणि पुन्हा आत जाऊ दिला.

"लिहा पंचनामा," ते कारकुनाला म्हणाले.

"काय लिहू साहेब?"

"लिहा. सदर अनधिकृत बांधकाम मौक्यावर वापरात आढळून आले. सबब पाडता आले नाही."

भोयर सरांनी आणि निमजे काकांनी पंच म्हणून सह्या केल्या. ट्रॅक्टर वळला. साहेब फाटकापर्यंत गेले, थांबले आणि मागं न पाहता म्हणाले, "पुढच्या मंगळवारची तारीख देतो."

"द्या ना जी," आतून आई म्हणाली. "मी इथीच आहो!"