गाईची भाकरी

पोटच्या मुलीला मी वर्षभर हावरट म्हणत होतो.

सांगलीला तिच्या डोक्यातली गाठ काढली. मुलगी वाचली म्हणून आम्ही गावभर पेढे वाटले. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परतल्यावर मात्र तिचं खाणं थांबेना. चार भाकऱ्या खाऊन उठायची आणि तासाभरात पुन्हा डबे उघडायची. सहा महिन्यांत तिचे सगळे कपडे नवे शिवावे लागले. मी पलटणीत वीस वर्षं काढलेला माणूस. शिस्त लावली की सगळं ताळ्यावर येतं, हा माझा खाक्या. तिला पहाटे मैदानावर पळायला नेऊ लागलो. धापा टाकत थांबली की चारचौघांत बोलायचो. खाण्याचं सगळं फौजी ट्रंकेत घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. बायको रडली, तर तुझ्या लाडांनीच पोर फुगली म्हणून तिलाही सुनावलं.

"आबा, पोट भरल्यालं मला कळतच न्हाई," मुलगी एकदा म्हणाली.

"जिभंला बरं कळतंय," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

आमच्याकडे तव्यावरची पहिली भाकरी गाईची. तेवढीच कुलपाबाहेर, गोठ्याच्या कट्ट्यावर असायची. एका सकाळी बघतो तर मुलगी कट्ट्याआड बसून ती खात होती. मी भाकरी हिसकावली आणि तिच्या कानाखाली दिली. एकोणीस वर्षांच्या, डोक्याचं ऑपरेशन झालेल्या मुलीच्या. त्याची लाज आजही जात नाही.

पुढच्या तपासणीला सांगलीत विश्रामबागेतल्या दवाखान्यात गेलो, तेव्हा मीच डॉक्टरांना म्हणालो, हिला जरा दम भरा. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागदावर मेंदू काढून दाखवला. पोट भरल्याची खबर मेंदूच्या तळाशी ज्या जागी पोचते, ती जागाच गाठीनं दुखावली होती. भूक भागली हे तिला कळणारच नव्हतं. यात तिचा काही दोष नाही, असं ते दोनदा म्हणाले. हमखास बरं करणारं औषध नाही, हेही त्यांनी सांगितलं.

परतीच्या एसटीत तिच्याकडे बघायची हिंमत होईना. माफी कशी मागावी, याचे शब्द जुळवत होतो. कराड मागं पडल्यावर तीच बोलली.

"आबा, लय बरं वाटलं बगा आज. मला वाटायचं, मी खरंच हावरट हाय."

मेंदूला कायमची इजा झालीय हे ऐकून माझ्या पोरीला हायसं वाटलं होतं. तिच्यावर ही पाळी मी आणली होती.