एक गॅरेज, दोन गाड्या

कॅझिमिर वोय्ताल मोटारींच्या कारखान्यात जन्मभर दारं बसवत होता. डेट्रॉइटच्या आमच्या गल्लीत अशा माणसाच्या अंगणात दुसऱ्या कंपनीची गाडी दिसली, तर शेजारी सांत्वनाला येतात. त्यामुळे त्याच्या बायकोने, आयरीनने, नेमकी तशी सेडान घेतली तेव्हा कॅझने ती माझ्या घरासमोर लावायला लावली. माझी अब्रू त्याने हिशेबात धरली नव्हती.

त्याच्या गॅरेजात एकोणसत्तर सालची लाल गाडी होती. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ लोखंड खातं, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल ती पांघरुणाखाली झोपायची. आयरीन बाहेर सेडानच्या काचेवरचा बर्फ खरवडायची.

त्या शरद ऋतूत आयरीनचा गुडघा बदलला.

"यंदा गॅरेजात माझी गाडी राहील," ती म्हणाली.

"आणि ती?"

"ती बाहेर. तिला गुडघे नाहीत."

कॅझने परीक्षेचा प्रस्ताव मांडला. एका रविवारी लाल गाडीने चर्चला जायचं, पुढच्या रविवारी सेडानने. जी सरस, तिला गॅरेज. साक्षीदार म्हणून मला मागच्या सीटवर कोंबलं.

लाल गाडी सुरू झाली तशी गल्लीतले पडदे हलले. त्या आवाजात आत बोलायची सोय नव्हती; चाळीस वर्षांच्या संसाराला ते मानवलेलं दिसलं. चर्चपाशी सगळे इंजिनाभोवती जमले. आयरीनच्या गुडघ्याची चौकशी कुणी केली नाही, कार्ब्युरेटरची सगळ्यांनी केली.

"अरे, मला कुणी बाहेर काढाल का?" खोल सीटमधून ती ओरडली. फादरनी इंजिनावरची नजर न काढता हात पुढे केला.

पुढच्या रविवारी सेडान निघाली ते कळलंच नाही. कॅझ जरा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर गेला, तर इशारा म्हणून स्टिअरिंग थरथरलं.

"ही मला शिकवते?"

"मी इतकी वर्षं तेच करतेय," आयरीन म्हणाली. "नुसतं थरथरायचं सुचलं नाही."

मग त्याची सीट खालून गरम झाली. तो दचकला, आणि उरलेला रस्ता संशय यावा इतका गप्प राहिला. चर्चपाशी आयरीन कुणाच्या मदतीशिवाय उतरली, आत जाऊन बसलीसुद्धा.

निकाल सांगायची गरज नव्हती. घरी येताच कॅझ गॅरेजच्या दारात आडवा उभा राहिला.

"तिला बाहेर काढू नकोस. काच मी खरवडीन. रोज. इंजिनही तापवून देईन. लाव तुझी गाडी अंगणात."

"अंगणात? लोक काय म्हणतील?"

"पाहुणे आलेत म्हणून सांगेन."

"एप्रिलपर्यंत?"

"लांबचे आहेत."

आयरीनने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तेव्हापासून तो रोज सकाळी हातमोजे चढवून काच खरवडतो. खरवडणं झटपट होतं. इंजिन तापायला मात्र फार वेळ लागतो. परवा मी मदत हवी का म्हणून गेलो. गॅरेज उघडं होतं, लाल गाडीचं पांघरूण बॉनेटपुरतं दुमडलेलं. समोर सेडानमध्ये, गरम सीटवर, कॅझ कॉफी घेत तिच्याकडे पाहत होता. त्याने काच बोटभर खाली केली.

"लवकर बोल. ऊब जाते."

तेवढ्यात आयरीन पर्स घेऊन पायरीवर आली. "कॅझ, मला उशीर होतोय!"

"अजून तापली नाही गं," तो म्हणाला, आणि काच वर केली.