नानांच्या आवारातले तीन बूस्टर

इंटरनेट कंपनीच्या सेल्समनने फैजपूरच्या नानांना फसवलं आणि शिव्या मी खाल्ल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शंका नको.

नाना केळीचे व्यापारी. घराला लागूनच मोठं आवार, आवारात पत्र्याची शेड. बागांमधून केळी येते, शेडमध्ये धुतली जाते, खोक्यांत भरते आणि ट्रकमधून उत्तरेकडे जाते. त्यांच्या घरात इंटरनेटची वायर मी टाकली होती. माझं जळगावला दुकान आहे. इंटरनेट असतं कंपनीचं. खांबावरून घरापर्यंत वायर ओढायची, भिंतीला भोक पाडायचं, डबा बसवायचा, हे आमच्यासारख्यांचं काम. बिल कंपनी घेते. बिघडलं की लोक आम्हाला फोन करतात.

त्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला.

"तुह्या वायरनं माह्या घरात आग लावली रे!"

"नाना, त्या वायरमध्ये वीज नसते. आग कशी लागेल?"

"चेष्टा नको करू. सून चालली पुण्याले. तुह्या वायरपायी."

नानांची सून पल्लवी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, घरी बसून. नवरा केळीच्या धंद्यात, मुलगी पहिलीत. गेले काही महिने तिचे व्हिडिओ कॉल तुटत होते. बोलता बोलता चेहरा थिजायचा, आवाज रोबोटसारखा व्हायचा. शेवटी बॉसने सांगून टाकलं होतं: आज दुपारी तीनला परदेशी क्लायंटचा कॉल आहे. तोही तुटला तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला ऑफिसात येऊन बसायचं. म्हणजे नोकरी सोडायची, नाहीतर मुलीला फैजपूरला ठेवून जायचं. तिसरा रस्ता नव्हता.

नानांनी आधी कंपनीला फोन केला होता. सेल्समन आला आणि मोठा प्लॅन देऊन गेला. फरक पडला नाही. पुन्हा आला, वायफाय लांब पोचवणारा एक बूस्टर लावून गेला. तरी कॉल तुटायचेच. मग आणखी दोन बूस्टर. आणि शेवटच्या फेरीत काय म्हणाला? "आता कंपनीचा दोष नाही, नाना. वायर टाकणाऱ्याने हलका माल वापरलाय."

हलका माल! मी मूळचा पिंपळनेरचा. कौलांवर चढून लोकांच्या डिश अँटेना फिरवत धंदा शिकलो. कुणी दुकान टाकून दिलं नाही, कुणी हात धरून शिकवलं नाही. आजवर माझ्या दरावर लोक भांडले, मालावर कुणी नाही. मी शटर ओढलं आणि गाडी फैजपूरच्या रस्त्याला घातली. वाटेत त्या सेल्समनला जे जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

नाना ओट्यावरच उभे होते. ना या, ना बसा. पाणीसुद्धा विचारलं नाही. नानांच्या पत्नीने, अक्कांनी, आतून तांब्या आणून दिला तर नाना त्यांच्याकडेही डोळे वटारून बघायला लागले.

पल्लवी मात्र सरळ मुद्द्यावर आली. "भाऊ, चूक कोणाची ते उद्या ठरवा. मला तीनला कॉल चालायला हवा."

"ताई, चूक सापडल्याशिवाय कॉल चालणार नाही."

आमच्या धंद्यात पहिलं काम म्हणजे वायर आणि हवा वेगळी करायची. इंटरनेट वायरने घरात येतं. पुढे राऊटर नावाचा डबा ते हवेतून सगळ्यांना वाटतो, त्यालाच आपण वायफाय म्हणतो. मी वायफाय बंद केलं, माझा लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडला आणि स्पीड मोजला. प्लॅनवर जितका लिहिला होता तितका. पुन्हा मोजला. तितकाच.

"नाना, इकडे या. हा आकडा बघा. वायर चोख आहे."

नानांनी चष्मा लावून आकडा बघितला, डाग पडलेली केळीची फणी बघावी तसा. "मंग सुनेचा कॉल काहाले तुटते?"

बरोबर होतं त्यांचं. वायफाय पुन्हा चालू केलं आणि थोड्याच वेळात स्पीड कोसळला. नुसता खाली येणारा नाही, वर जाणाराही. ही गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. इंटरनेटला दोन वेग असतात. आपण सिनेमा बघतो तो खाली येतो. आपला चेहरा, आपला आवाज, आपले फोटो वर जातात. सेल्समनने विकलेल्या प्लॅनमध्ये खालचा वेग दुप्पट होता, वरचा जुनाच. मोठ्या अक्षरात खालचाच छापतात. पल्लवीचा चेहरा तर वर जायचा होता.

राऊटर टीव्हीमागे शोकेसमध्ये कोंबलेला होता, शेजारी लोखंडी कपाट. तो काढून मधल्या पॅसेजमध्ये उंचावर ठेवला. थोडा फरक पडला. मग घरातलं एकेक बंद करायला लावलं. नानांचा फोन, मुलाचा फोन, टीव्ही.

"सिरीयल बंद करून नोकरी वाचत असीन तं करा बंद," अक्का म्हणाल्या. "तसंही त्या बाईचं लग्न वर्षभर होऊन नाही राह्यलं."

सगळं बंद. तरी वर जायची वाट गच्च. मग खातंय कोण? माझं डोकं तापलं. मी पाय आपटत आवारात गेलो.

आवारात ट्रक लागलेले. बागेतून केळी येईपर्यंत ट्रकवाल्यांना काही काम नसतं, कधी कधी अख्खा दिवस. लिंबाखाली खाटा टाकून सगळे पडलेले. जवळच्या खाटेवरचा एक ड्रायव्हर छातीवर फोन उभा करून गावाकडे बोलत होता. पडद्यावर त्याची छोटी मुलगी पाटी दाखवत होती. पाटीवरचं अक्षर न् अक्षर मला लांबून वाचता येत होतं. आत पल्लवीचा चेहरा थिजतोय आणि इथे पाटी वाचता येतेय!

"भाईसाब, नेटवर्क कैसा है यहाँ?" मी विचारलं.

"एक नंबर! पहले दीवार से चिपक के बैठना पड़ता था। अब खटिया पे लेटे-लेटे चलता है। सेठजी ने मशीन लगवा दी।"

मशीन शेडच्या बोर्डात खोचलेली होती. तिसरा बूस्टर. आणि शेडच्या भिंतीवर, पिण्याच्या माठाच्या बरोबर वर, ऑइलपेंटने हातभर अक्षरात वायफायचा पासवर्ड रंगवला होता.

बूस्टर नवा वेग आणत नाही. राऊटर जे बोलतो तेच तो पुन्हा मोठ्याने बोलतो, आणि त्यासाठी त्याच हवेतला वेळ दुसऱ्यांदा खर्च करतो. आधी घरातलं वायफाय आवारापर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून भिंतीला चिकटलेल्या एकदोघांनाच मिळायचं. बूस्टर लागला आणि सगळ्या खाटांना मिळायला लागलं. फोनला वायफाय दिसलं की तो मालकाला न विचारता रस्त्यात काढलेले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ वर पाठवायला लागतो. शिवाय लांबचा फोन हळू बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं असतं. गावच्या नळावर कुणी अरुंद तोंडाचा कॅन लावला की अख्खी रांग खोळंबते. मग वरची टाकी केवढीही मोठी बांधा. सेल्समनने नानांना टाकी मोठी बांधून दिली आणि कॅनवाले वाढवले. दुखणं त्याने विकलं, औषध म्हणून.

मी नानांना हात धरून भिंतीपुढे उभं केलं. राग आला की माझी अहिराणी सुटते.

"हाई काय शे, नाना?"

"पासवर्ड."

"ते दिसतंय! भिंतीवर कुणी लिहिला?"

"मीच लिवून घेतला. पाणी पाजतो, चहा पाजतो, तसं ते. त्यात काय झालं?"

"झालं असं की तुमच्या सुनेची नोकरी हे खाटेवर पडून पिऊन टाकताहेत. बठ्ठं, सगळं बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"नाही करत."

"नाही करत म्हणजे?"

"हंगामात गाडी मिळत नाही, ते तुले नाही ठाऊक. ज्याच्या आवारात ड्रायव्हरले मान, त्याच्याकडे गाडी पहिले लागते. पाणी मांगणाऱ्याले कोणी नाही म्हणते का?"

आमचा आवाज चढला. खाटांवरचे उठून बसले. पल्लवी बाहेर आली. मला वाटलं, ती आता माझी बाजू घेईल. तिने त्या ड्रायव्हरच्या फोनकडे बघितलं. पाटीवाली मुलगी अजून पडद्यावर होती.

"यांचं तोडू नका, भाऊ," ती म्हणाली. "मी पुण्याला गेले तर मलाही माझ्या मुलीला असंच बघावं लागेल. यांचं राहू द्या, माझं चालू करा."

आता आली पंचाईत. पण माझं अर्धं आयुष्य घासाघिशीत गेलंय. मी नानांना म्हटलं, दोन वाटा करू. घराचं वायफाय वेगळं, आवाराचं वेगळं. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्याला मर्यादा. घराच्या वाटेत पाहुणा शिरणार नाही.

"आवाराले किती देशीन?"

"दहावा हिस्सा."

"दहाव्यात तोंड तरी दिसीन का कोणाचं? निम्मं दे."

"निम्मं? मग मी आलो कशाला?"

"बरं, तिसरा."

"आठवा. तुमच्या शब्दाखातर."

"माह्या शब्दाची किंमत एवढीच का रे?"

केबलचे ड्रम घेताना मी भल्याभल्या ठोक व्यापाऱ्यांना घाम फोडलाय. नाना हलेनात. जणू मी त्यांची केळी मातीमोल मागतोय. शेवटी चौथ्या हिश्श्यावर हात मारला. वर एक अट मी घातली: मर्यादा कमी-जास्त करायचं बटण पल्लवीच्या मोबाईलमध्ये राहील. संध्याकाळी तिचं काम संपलं की तिने आवाराला सोडायचं तेवढं सोडावं.

मग हात चालवले. तिन्ही बूस्टर उपटले. गाडीत एक जादा राऊटर होता, तो केबल ओढून शेडमध्ये लावला आणि त्याला चौथ्या हिश्श्याचं कुलूप घातलं. घराचा पासवर्ड बदलला. पल्लवीच्या टेबलापर्यंत जिन्याच्या कडेने केबल नेली आणि तिचा लॅपटॉप थेट जोडला. जे काम तुटून चालत नाही, ते हवेच्या भरवशावर ठेवायचं नाही. एवढं एक जरी वाचकांनी लक्षात ठेवलं तरी माझ्यासारख्याचे निम्मे फेरे वाचतील.

तीन वाजले. पल्लवीने दार लोटलं. नाना दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. अक्कांनी मिक्सर लावला तर हातानेच "बंद, बंद" केलं.

"मिक्सर वायफाय खात नाही, नाना," मी हळूच म्हणालो.

"तू गप. आज काहीच भरोसा नाही."

आतून पल्लवीचं इंग्रजी ऐकू येत होतं. अडखळत नव्हतं. मध्येच एका ट्रकने करकचून हॉर्न दिला. नाना चप्पल न घालता आवारात धावले आणि त्या ड्रायव्हरला असं काही बोलले की सगळे ट्रक संध्याकाळपर्यंत मुके झाले. मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. खरं सांगतो, माझ्याच नोकरीचा इंटरव्ह्यू असल्यासारखा सारखा घड्याळाकडे बघत होतो.

दार उघडलं. पल्लवी चौकटीला टेकली.

"झाला. पूर्ण झाला. एकदाही तुटला नाही."

"बॉस काय म्हणाला?" नानांनी विचारलं.

"काहीच नाही. पुढच्या आठवड्याचं काम दिलं आणि फोन ठेवून दिला."

अक्कांनी टीव्ही लावला. नाना खुर्चीत मागे रेलले आणि एवढा मोठा श्वास सोडला की मलाही हलकं वाटलं. माफी काही त्यांनी मागितली नाही. व्यापाऱ्याच्या तोंडून माफी निघत नाही. गाडीत बसलो तर मागच्या सीटवर केळीचा अख्खा घड ठेवलेला होता.

त्यानंतर पल्लवीचा कॉल तुटल्याची तक्रार आलेली नाही. ती फैजपूरलाच आहे. मी मात्र शांत बसलो नाही. तिन्ही बूस्टर पिशवीत घालून कंपनीच्या धुळ्याच्या ऑफिसात गेलो आणि एरिया मॅनेजरच्या टेबलावर ओतले.

"सिग्नल वाढला होता ना पण?" साहेब म्हणाले.

"वाढला होता. लिंबापर्यंत वाढला होता."

"म्हणजे बूस्टरने त्याचं काम केलं."

"आणि तुमच्या माणसाने कुठलं काम केलं? घरात किती जण, बाहेर कोण, काही विचारलं? आवारात एकदा तरी गेला?"

"त्याची बदली झालीय. आता तो चाळीसगावला आहे. तुम्ही चहा घ्या."

चहा मी घेतला नाही. भांडून भांडून बूस्टर तेवढे परत घ्यायला लावले. साहेबांना वाटलं, विषय मिटला.

मिटलेला नाही, साहेब. भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेली गोष्ट तुमच्या माणसाने बघितली नाही आणि एका आईवर बॅग भरायची वेळ आली. वर खोटं बोलून माझ्या मालाला डाग लावला. चाळीसगावला तो आज आणखी कुणाच्या घरात काय खोचतोय, देव जाणे. तेव्हा साहेब, मला लेखी काही नको. फैजपूरला या, किंवा त्याला पाठवा. नानांपुढे आणि पल्लवीपुढे उभं राहून सांगा की वायर चोख होती आणि खोटं आम्ही बोललो. येताय की नाही, तेवढं उत्तर द्या.